दार कुणासाठी उघडायचं?

जॉर्ज रोमेरो यांचा 'डॉन ऑफ द डेड' 1978 चा. झॅक स्नायडर यांनी त्याच नावाने केलेला रीमेक 2004 चा. दोन्हींत मेलेली माणसं उठतात, जिवंतांना खातात आणि मूठभर माणसं एका मॉलचा आसरा घेतात. यापुढे दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या होतात की एकाला दुसऱ्याची नक्कल म्हणणं मला कधीच पटलं नाही. पण त्यातला मोठा कुठला, यावर माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं एकमत नाही. मी रोमेरोंच्या बाजूचा. ताई सरकारी रुग्णालयात परिचारिका होती, तिची बरीचशी नोकरी कॅज्युअल्टीत आणि रात्रपाळीत गेली, आणि तिला स्नायडरचा चित्रपट जवळचा वाटतो. आपल्याकडे चांगले जाणकार प्रेक्षकही या दोन्ही चित्रपटांना 'रक्तपात' म्हणून बाजूला सारतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आमचं बोलणं इथे मांडतो आहे. त्यात दोन्ही कथा शेवटापर्यंत येतात, एवढं आधी सांगून ठेवतो.

ताई : तुझा पहिला आक्षेप मला पाठ आहे. रीमेकमधले झोंबी धावतात.

मी : नुसते धावतात म्हणून नाही. ते धावल्यामुळे काय हरवतं, ते ऐक. रोमेरोंचे झोंबी इतके संथ आहेत की धडधाकट माणूस त्यांच्यामधून वाट काढत जाऊ शकतो. आसरा घेतलेल्या चौघांपैकी पीटर आणि रॉजर हे दोघे पोलीस मॉलमध्ये त्यांना हुलकावण्या देत पळतात आणि खिदळतातही. म्हणजे तिथे कुणी मेलं, तर त्यामागे त्या माणसाचं काहीतरी असतं. मॉलची दारं अडवायला मोठे ट्रक आणून लावायचे असतात. त्या कामात रॉजरला चेव चढतो, तो सावधपणा सोडतो आणि त्याला चावा बसतो. स्टीफनचं तर त्याहून वाईट. लुटारूंची मोटरसायकल टोळी मॉलमध्ये घुसते. उरलेले तिघं, म्हणजे पीटर, स्टीफन आणि त्याची जोडीदार फ्रॅन, भिंतीमागे लपून बसले असते तर टोळी हाताला लागेल ते घेऊन निघून गेली असती. पण स्टीफनला ते बघवत नाही. हे सगळं आपलं आहे, आपण मिळवलेलं आहे, असं म्हणून तो गोळी झाडतो. त्याचा जीव त्या गोळीपायी जातो. झोंबी नुसते वाट पाहत असतात. मरण माणूस स्वतः ओढवून घेतो. धावणाऱ्या झोंब्यांनी हा हिशेबच पुसून टाकला.

ताई : मग विमानतळावरची ती दोन पोरं? हेलिकॉप्टरमध्ये इंधन भरायला उतरतात तेव्हा पीटर एका खोलीत शिरतो आणि दोन मुलं सुसाट त्याच्या अंगावर येतात. ती तुझ्या रोमेरोंचीच ना?

मी : हो. आणि 1968 च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधला स्मशानातला पहिला झोंबीही चांगला झपाझप येतो, हातात दगड घेऊन गाडीची काच फोडतो.

ताई : म्हणजे नियम पाळला नाही तो नियम करणाऱ्यानेच. रोमेरो मुलाखतींतून म्हणायचे की मेलेली माणसं धावली तर त्यांचे घोटे मोडतील. जिथे प्रेत उठून उभं राहतं ते मी मान्य करायचं, आणि घोट्याशी आल्यावर शरीरशास्त्र आठवायचं? असं नसतं. वेगाचा प्रश्न शास्त्राचा नाही, कुठली भीती दाखवायची आहे याचा आहे. आणि धावणाऱ्यांची सुरुवात स्नायडरने केलेली नाही. 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये 1985 सालीच ते धावले होते, आणि डॅनी बॉइलचा '28 डेज लेटर' तर 2002 चा.

मी : बॉइलच्या चित्रपटातली माणसं मेलेली नाहीत, संसर्ग झालेली जिवंत माणसं आहेत.

ताई : आता तू माझ्या वाटेवर आलास. संसर्ग. दोन चित्रपटांतला खरा फरक तिथे आहे आणि लोक पायांच्या वेगावर भांडत बसतात.

हा मुद्दा ताईचा, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो. रोमेरोंच्या जगात जो मरेल तो उठेल. चावा बसला तर मरण लवकर येतं इतकंच, पण म्हातारपणाने गेलेला, अपघातात गेलेला, स्वतःचा जीव घेतलेला, प्रत्येक जण उठणार. स्नायडरच्या चित्रपटात फक्त चावलेलाच उठतो. वरवर पाहता हा पटकथेतला लहानसा बदल आहे. पटकथा जेम्स गन यांची. पण या एका बदलाने मरणाचं स्वरूपच बदलून जातं.

ताई : नायिका अ‍ॅना परिचारिका आहे हे विसरू नकोस. सारा पॉली या नटीने ती बाई फार खरी केली आहे. पाळी संपून गेली तरी अडकून पडलेली, डोळ्यांवर झोप, घरी जाताना गाडीत रेडिओवर बातम्या लागल्या की गाण्याचं स्टेशन लावणारी. रात्रपाळी केलेल्या कुठल्याही बाईला विचार, घरी जाताना बातमी नको वाटते. सकाळी शेजारची लहान मुलगी झोपण्याच्या खोलीच्या दारात उभी असते, तोंड फाटलेलं. नवरा धावतो तिला सावरायला आणि ती त्याच्या गळ्याचा लचका तोडते. अ‍ॅना काय करते? जखमेवर हात दाबून धरते. पोरीला बाहेर ढकलते, दार लावते, परत येऊन जखम दाबते, फोन लावते. फोन लागत नाही. हे मी हजार वेळा केलेलं काम आहे. दाबून धरायचं आणि कुणीतरी येण्याची वाट पाहायची.

मी : पहिली पंधरा-वीस मिनिटं अप्रतिम आहेत, हे रोमेरोंनीही मान्य केलं होतं. पुढे चित्रपटाला असण्याचं कारणच उरत नाही, व्हिडिओ गेमसारखा होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मलाही बरंचसं तसंच वाटतं.

ताई : कारण उरतं. पुढे अ‍ॅनाच शोध लावते. मॉलमध्ये आणलेली एक चावलेली बाई तिच्या डोळ्यांसमोर मरते, उठते, आणि अ‍ॅनाच्या लक्षात येतं की हे चाव्यातून होतंय. रोगाचं निदान झालं. आणि निदान झालं की लगेच पुढचा प्रश्न दारात उभा राहतो : ज्याला चावा बसलाय पण जो अजून आपल्याशी बोलतोय, त्याचं काय करायचं? रोमेरोंच्या चित्रपटात हा प्रश्न इतका टोकदार होऊ शकत नाही, कारण तिथे सगळेच एक दिवस उठणार आहेत.

मी : आणि मला त्यात रोमेरोंचा मोठेपणा दिसतो. सगळेच उठणार, म्हणून 'आपण' आणि 'ते' अशी भिंत तिथे टिकत नाही. संसर्ग आला की शुद्ध आणि अशुद्ध आले. दाराशी उभा असलेला प्रत्येक जण संशयित. 2004 च्या अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या हल्ल्याला तीन वर्षंही झालेली नसताना, हा बदल निरागस राहत नाही. रीमेकची सुरुवातीची श्रेयनामावली आठव. दंगली, रक्त, झोंब्यांच्या झुंडी, आणि त्यांच्याच माळेत नमाजासाठी वाकलेला मोठा समुदाय. तो तिथे कशाला?

ताई : ते दृश्य मला कधीच पटलं नाही. त्याचं समर्थन मी करणार नाही. प्रार्थना करणाऱ्या माणसांना रोगाच्या ओळीत बसवणं वाईटच आहे. पण संसर्गाची भीती म्हणजे परक्याची भीती, हे तुझं समीकरण मला मान्य नाही. चित्रीकरण कुठे झालं माहीत आहे ना? टोरोंटोला लागून असलेल्या थॉर्नहिलमध्ये, 2003 च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षी टोरोंटोत सार्सची साथ होती. कॅनडात 44 माणसं दगावली, त्यांत रुग्णालयात काम करणारेही होते. कथा आधी लिहिलेली असेल, ती सार्सवर नाही हे मलाही कळतं. पण रुग्णालयातून सुरू होणारा हा चित्रपट त्या गावात, त्या महिन्यांत उभा राहिला. साथीच्या काळात दारात उभा असलेला माणूस संशयित असतो, तो परका असतो म्हणून नाही. बहुतेक वेळा तो घरचाच असतो. अ‍ॅनाच्या दारात आलेली मुलगी शेजारची होती, स्केटिंग करता येतं म्हणून आदल्या दिवशी तिला कौतुकाने दाखवणारी.

मी : मग फ्रँकचा प्रसंग घेऊ. तिथे दोन्ही चित्रपट समोरासमोर येतात.

ताई : घे.

मी : रीमेकमध्ये फ्रँक आपल्या तरुण मुलीला घेऊन मॉलमध्ये येतो, त्याला चावा बसलेला असतो. मॉलमध्ये आधीच आसरा घेतलेला मायकल म्हणतो, याला आत्ताच मारायला हवं. अ‍ॅना विरोध करते. शेवटी मुलीचा निरोप घेऊन फ्रँक एका खोलीत बसतो, समोर बंदूक घेऊन त्यांच्यातलाच केनेथ बसतो. फ्रँकला त्याच्या वाट्याचा शेवटचा क्षणही हवा असतो. मग दिग्दर्शक आपल्याला बाहेर नेतो आणि गोळीचा आवाज ऐकवतो. सुंदर आहे, मान्य. पण मूळ प्रसंग बघ. रॉजर दिवसेंदिवस झिजत जातो. तापाने फणफणलेला, बरळणारा. उठायचं नाही, परत यायचं नाही, असा प्रयत्न करीन असं तो पीटरला सांगतो. मरणावर इच्छाशक्तीने मात करता येईल अशी त्या माणसाची वेडी आशा. तो मरतो, पीटर अंगावर चादर घालतो आणि बसून राहतो. चादर हलते. रॉजर उठून बसतो, चेहरा निळा-करडा. मग गोळी. आपण सगळं पाहतो. मित्राला दोनदा मरताना पाहतो.

ताई : तुला रॉजर आवडतो कारण तो त्याच्या चुकीने मेला. मला फ्रँक आवडतो कारण त्याची काहीच चूक नव्हती. वॉर्डात आलेल्या बहुतेकांची काही चूक नसते रे. तू मघाशी हिशेब म्हणालास. माणूस मरण ओढवून घेतो, हा हिशेब ऐकायला बरा वाटतो, कारण त्यात आपल्याला सावध राहून सुटता येतं. स्नायडरच्या चित्रपटात तसं सुटता येत नाही. आणि तरीही तिथली मरणं उगीच नाहीत. आठवून बघ, कोण कशाने मरतं. अ‍ॅनाचा नवरा लहान मुलीला उचलायला जातो. आंद्रे गरोदर बायकोला चावा बसल्याचं लपवतो, बाळाच्या आशेने. फ्रँकची मुलगी निकोल कुत्र्यामागे समोरच्या दुकानात जाते, तिला सोडवायला बाकीचे जातात, त्यातून सगळी फळी कोसळते. प्रत्येक वेळी कुणीतरी कुणावर तरी माया करतंय. रोमेरोंच्या चित्रपटात माणसं वस्तूंपायी मरतात. स्नायडरच्या चित्रपटात माणसांपायी मरतात.

हे वाक्य ऐकल्यावर मला उत्तर सुचायला वेळ लागला. रीमेकबद्दल मी जे काही वाचलं आहे, त्यात वेग, रक्त आणि उपभोगवादावरची हरवलेली टीका यांच्याविषयी पुष्कळ आहे. मरणाच्या कारणांची अशी नोंद मी कुठे पाहिली नव्हती. एक-दोन अपवाद आहेतच. मॉलमधून निसटण्यासाठी चिलखत चढवलेल्या बसमध्ये करवतीने होणारा मृत्यू निव्वळ अपघात आहे, आणि स्टीव्हसारखा माणूस दार राखायचं काम टाकून पळतो तेव्हा तिथे माया नाही, भ्याडपणा आहे. तरी ताईचं निरीक्षण टिकतं.

मी : तुझं म्हणणं खरं धरलं, तर मला आणखी राग येतो. इतका मोठा विषय हाती असताना चित्रपट त्याच्यापाशी थांबत का नाही? मूळ चित्रपट 127 मिनिटांचा, रीमेक 101 मिनिटांचा. कापलं काय? रिकामा वेळ. रोमेरोंच्या मॉलमध्ये माणसं जिंकतात. झोंबी मारले, प्रेतं शीतगृहात टाकली, दारं बंद. आता सगळं आपलं. आणि मग चित्रपटाचा खरा भाग सुरू होतो, जिथे काहीच घडत नाही. बर्फाच्या रिंगणावर एकटी फ्रॅन स्केटिंग करते. बँकेतून नोटा उचलतात, ज्यांचा आता काही उपयोग नाही. पीटर गच्चीवर एकटाच टेनिस खेळतो आणि चेंडू खाली झोंब्यांत पडतो. स्टीफन फ्रॅनला अंगठी देतो आणि ती नकार देते, आत्ता त्याला काही अर्थ उरणार नाही म्हणून. टीव्हीवर नुसती खरखर, तरी स्टीफन तो लावतो आणि फ्रॅन बंद करते. मेलेली माणसं मॉलकडे का येतात, याचं उत्तर आधीच देऊन झालंय : आयुष्यात ही जागा त्यांना महत्त्वाची होती, ती आठवण शिल्लक आहे. आणि आता जिवंत माणसं तेच करतायत. रीमेकमध्ये हे सगळं एका गाण्यात उरकलं आहे. गाणं लागतं, माणसं हसतात, प्रेमात पडतात, गच्चीवरून प्रसिद्ध लोकांसारखे दिसणारे झोंबी टिपतात, गाणं संपतं.

ताई : मॉलचा कंटाळा यायला आधी मॉल मिळावा लागतो. बंदिस्त, वातानुकूलित मॉल अमेरिकेत 1956 सालीच उभा राहिला होता, मिनेसोटात. 1978 मध्ये तिथल्या प्रेक्षकाला मॉलचा उबग येणं समजू शकते. आपल्याकडे? मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला 1999 मध्ये. सुरुवातीला आत जायला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवावा लागायचा, नाहीतर पैसे भरायचे. माझ्यासोबत काम करणाऱ्या आयाबाई त्या दारात उभ्या राहिल्या नसत्या. रीमेकमधल्या मॉलचं नावही क्रॉसरोड्स. योगायोगच, पण मी 2004 मध्ये पाहिला तेव्हा मला तेच दिसलं. आत कोण आणि बाहेर कोण. सुरक्षारक्षक सी. जे. अ‍ॅना आणि तिच्यासोबतच्या लोकांना आत घ्यायला तयार नसतो. मग ट्रक भरून आणखी माणसं येतात, तेव्हा पुन्हा तोच वाद. मला ही दारं महत्त्वाची वाटली. दुकानं नाही.

मी : पण बाहेर उभे असलेल्यांना आत यायचं असतं, हे तर रोमेरोंनीच दाखवलं! काचेला नाक लावून उभी असलेली ती माणसं, नन, नर्स, बेसबॉलच्या कपड्यातला, हरे कृष्ण पंथाचा. त्यांना खायला माणूस हवा असतो, पण त्यांच्या चेहऱ्यांवर भुकेपेक्षा ओढ जास्त दिसते. फ्रॅन काचेपलीकडच्या एकाकडे बघत बसते, तो तिच्याकडे बघत बसतो. त्या दृश्यात मला त्यांची भीती वाटत नाही, त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. धावणाऱ्या झोंब्याबद्दल कुणाला वाईट वाटेल? त्याचा चेहराच नीट दिसत नाही. आणि ते सगळं चित्रीकरण पिट्सबर्गजवळच्या मनरोविलच्या चालू मॉलमध्ये झालं. रात्री दुकानं बंद झाली की सुरू, सकाळी उघडायच्या आत आवरायचं. नाताळची सजावट लागली तेव्हा काम थांबवावं लागलं. म्हणून ते ठिकाण इतकं खरं दिसतं. रोज माणसं तिथे येत होती. स्नायडरने पाडकामाला निघालेला मॉल घेतला आणि तो सजवला.

ताई : आणि रोमेरोंच्या झोंब्यांना निळा-करडा रंग फासला होता, रक्त शाळेतल्या रंगपेटीतलं.

मी : रक्ताचा रंग तसा होता, आणि ते रोमेरोंना चाललं. चित्रकथेसारखं दिसावं अशी त्यांची इच्छा होती. रंगभूषा टॉम सविनीची. तो व्हिएतनाम युद्धात छायाचित्रकार होता, खरी प्रेतं पाहून आलेला. त्याने कमी दाखवलं नाही, पण ते कुठल्या जगात ठेवायचं याची निवड दिग्दर्शकाची होती.

ताई : सविनी रीमेकमध्येही आहे, छोट्या भूमिकेत. तुझे पीटर आणि रॉजर, म्हणजे केन फोरी आणि स्कॉट रायनिगरही आहेत. एका दुकानाला फ्रॅन झालेल्या गेलन रॉसचं नाव दिलंय. जुन्या लोकांना स्नायडर विसरला नाही.

मी : पाहुणे म्हणून बोलावलं, हे बरोबर.

ताई : आणखी एक. रीमेक सुमारे 2.6 कोटी डॉलरमध्ये झाला आणि जगभरात 10 कोटींच्या आसपास कमावून गेला. त्यानंतरच्याच वर्षी रोमेरोंना मोठ्या स्टुडिओच्या पैशातून 'लँड ऑफ द डेड' करता आला. किती वर्षं त्यांना झोंबीपट करायला मिळाला नव्हता? 1985 पासून. धावणाऱ्या झोंब्यांनी तुझ्या दिग्दर्शकालाही काम दिलं.

मी : ते ऋण मी मानतो. पण ऋणामुळे चित्रपट चांगला ठरत नाही.

ताई : मग आता मी तुझ्या बाजूचं बोलते. मूळ चित्रपटात एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे रीमेक फार लहान वाटतो. गरोदर बाई. रीमेकमध्ये आंद्रेची बायको लुडा. तिला चावा बसलाय, आणि नवरा ते लपवून तिला पलंगाला बांधून ठेवतो. ती मरते, उठते, बाळ जन्मतं, तेही तसंच. पूर्ण चित्रपटात त्या बाईला स्वतःचं म्हणून काही बोलायला मिळतं का? तिच्या पोटात काय आहे याची भीती आंद्रेच्या चेहऱ्यावर, दचकणं आपल्या वाट्याला, आणि ती नुसती पलंगावर. मी प्रसूती विभागातही काम केलंय. तिथे बाईला वगळून तिच्याबद्दल बोलणारी माणसं मी रोज पाहिलीत. चित्रपटानेही तेच केलं. आणि तुझ्या 1978 च्या चित्रपटात? पीटर आणि स्टीफन बोलतायत, मूल ठेवायचं की नाही. फ्रॅन आतून ऐकतेय. दुसऱ्या दिवशी ती त्यांना समोर बसवून सांगते : मला न विचारता माझ्याबद्दल ठरवायचं नाही, यापुढे प्रत्येक बेतात मी असणार, मला बंदूक हवी आणि हेलिकॉप्टर चालवायला शिकवा. सव्वीस वर्षं जुना चित्रपट पुढे आणि नवा मागे. मला याचा राग येतो.

मी : आणि ती हेलिकॉप्टर शिकली म्हणून शेवटी वाचते.

ताई : हो. त्यांनी तिला शिकवलं म्हणून नाही, तिने मागितलं म्हणून.

मी : तू 1978 चा पुन्हा पाहिलास ना मध्यंतरी?

ताई : करोनाच्या साथीनंतर पाहिला. आधी मला सुरुवातीचा फिलाडेल्फियाचा प्रसंग लांबलेला वाटायचा. सरकारचा हुकूम आहे की मेलेली माणसं घरात ठेवायची नाहीत, ताब्यात द्यायची. एका गरीब वस्तीतल्या इमारतीत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोची माणसं आपली प्रेतं तळघरात लपवून ठेवतात. पोलीस घुसतात, गोळीबार होतो. एक पाय नसलेला म्हातारा धर्मगुरू येऊन सांगतो की खाली आहेत. पीटर खाली जातो आणि एकेकाला गोळी घालतो. रॉजर विचारतो, यांनी यांना इथे का ठेवलं? पीटर सांगतो, मरणाचा मान राखला पाहिजे असं त्यांना अजून वाटतं, म्हणून. 2020 मध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले देह मी पाठवलेत. फाटकाबाहेर मुलगा उभा, त्याला चेहराही दाखवता येत नव्हता. नियम बरोबर होता की नव्हता, ते मी आजही सांगणार नाही. पण त्या तळघरातली माणसं मूर्ख नव्हती, हे मला 2020 नंतर कळलं. रीमेकमध्ये असा प्रसंगच नाही. तिथे मेलेला माणूस म्हणजे फक्त धोका. त्याचं कुणी काही लागत नाही, निदान उठल्यानंतर तरी.

मी : म्हणजे तू माझ्या बाजूला आलीस.

ताई : नाही. मृतांच्या बाबतीत रोमेरो पुढे आहेत. मरू घातलेल्यांच्या बाबतीत स्नायडर. माझं काम मरू घातलेल्यांशी होतं.

मला इथे माझं मत सांगायला हवं. रोमेरोंचा चित्रपट मी आजही मोठा मानतो, आणि त्याचं कारण त्यातली टीका नाही. मॉल म्हणजे उपभोग, झोंबी म्हणजे ग्राहक, हे इतक्यांदा लिहून झालंय की त्याची धार गेली आहे. मला तो मोठा वाटतो कारण तो माणसांना हवं ते सगळं देतो आणि मग त्यांच्याकडे पाहत बसतो. स्टीफन झोंबी होऊन उठतो तेव्हा त्याला खोट्या भिंतीमागचा जिना आठवतो, आणि तो बाकीच्यांना थेट आपल्या घराकडे घेऊन येतो. जे घर राखायला त्याने गोळी झाडली, त्याची वाट तोच दाखवतो. इतक्या ताकदीचा प्रसंग रीमेकमध्ये नाही. मात्र सी. जे. सारखा माणूसही मूळ चित्रपटात नाही. आडमुठा, दार न उघडणारा हा सुरक्षारक्षक शेवटी बाकीच्यांना निसटता यावं म्हणून स्वतःला स्फोटात संपवतो. एका माणसात एवढं अंतर रोमेरोंच्या चौघांपैकी कुणीच चालत नाही.

मी : शेवटांबद्दल बोलू. मूळ पटकथेत पीटर स्वतःला गोळी घालणार होता आणि फ्रॅन हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांत डोकं देणार होती. रोमेरोंनी ते बदललं. पीटर कानशिलाला पिस्तूल लावून बसतो, झोंबी दार तोडून आत येतात, आणि ऐन वेळी तो ठरवतो की जगायचं. वाट काढत गच्चीवर जातो. फ्रॅन हेलिकॉप्टर उडवते. इंधन किती, तर फारसं नाही. एवढंच. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. आशा आहे म्हणून नव्हे, तर आशेचं कुठलंही कारण न देता माणूस उठतो म्हणून.

ताई : आणि रीमेकमध्ये मॉलमधून निसटलेल्यांची बोट सुटते, पण मायकल धक्क्यावर थांबतो. त्याला चावा बसलाय. अ‍ॅना म्हणते मी थांबते तुझ्यापाशी, तो नको म्हणतो, सूर्योदय पाहीन म्हणतो. हाच मायकल, ज्याला फ्रँकला तिथल्या तिथे मारायचं होतं. आता तो स्वतः त्या जागी आहे, आणि दुसऱ्या कुणाला बंदूक घेऊन समोर बसावं लागू नये म्हणून तो एकटा थांबतो. याहून जास्त काय हवं?

मी : तिथेच संपवायला हवं होतं. नंतर श्रेयनामावलीत हातातल्या कॅमेऱ्याने घेतलेली ती दृश्यं, बोटीवरचे हाल, बेट, आणि बेटावर धावत येणारे झोंबी. मिळालेलं सगळं परत हिसकावून घेतलं. रोमेरोंनी पुढे काय झालं ते सांगितलं नाही. स्नायडरला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

ताई : ते मला पाहवत नाही, हे खरं. पण खोटं वाटत नाही.

मी : आपल्याकडे कुणी यातून काय घेतलं? गोव्यात घडणारा हिंदी 'गो गोवा गॉन' 2013 चा, पण तो विनोदासाठी. आदित्य सरपोतदारचा 'झोंबिवली' 2022 मध्ये आला, आणि डोंबिवलीतला पाण्याचा प्रश्न त्याने झोंब्यांच्या कथेत आणला. टॉवर आणि वस्ती समोरासमोर. मला त्यात रोमेरोंचा संस्कार दिसला. भूत कुठेही चालेल असं नाही, ते या गावातलं, या भांडणातलं हवं.

ताई : तो मलाही आवडला. पण त्यातही माझं लक्ष कोण कुणाला टाकून पळतं याकडेच होतं.

मी : ज्याने दोन्हींतला एकही पाहिला नाही, त्याने आधी कुठला पाहावा? माझं मत, 1978 चा. नाहीतर मॉल, चादरीखालचा मित्र, छतावरचं हेलिकॉप्टर, यांचं मूळ काय ते कळणारच नाही, आणि संथ चित्रपटाची सवय मोडल्यावर पुन्हा लागत नाही.

ताई : उलट. आधी 2004 चा. त्यातला रिकामा वेळ कापलेला आहे, हे तूच म्हणालास. मग जुना पाहताना तो वेळ पहिल्यांदा मिळतो. घाबरून झालेलं असतं, कोण कुठून येईल ही धास्ती सरलेली असते. तेव्हाच फ्रॅन काचेपलीकडच्या त्या माणसाकडे का बघत बसली आहे, ते बघायला आपणही बसून राहतो. आधी जुना पाहिलास तर तिथे तू झोंबी कधी काच फोडतोय याचीच वाट पाहशील.